ठरवू द्या म्हणता, मग ठरवू द्या की!

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं गर्भपातावर बंदी घातलेली नाही, निर्णय फक्त लोकांवर सोपवला, यात बिघडलं काय? हे वाक्य २०२२ पासून इतक्या मराठी तोंडून ऐकलंय की आता त्याला उत्तर द्यायलाच हवं. म्हणणारी माणसं वाईट नसतात. डॅलसला किंवा न्यू जर्सीत आयुष्य काढलेले काका असतात, पुण्यात बसून अमेरिकेच्या राजकारणावर दोन-दोन तास बोलणारे गृहस्थ असतात, हल्ली तिशीतले आयटीवालेही असतात. स्वर मोठा समजूतदार असतो. नऊ न्यायाधीशांनी ठरवण्यापेक्षा कोट्यवधी लोकांनी ठरवलेलं बरं नाही का? लोकशाही म्हणजे हेच ना?

हेच झालं असतं तर माझी तक्रार निम्मी कमी झाली असती. पण हे झालेलं नाही. लोकांवर सोपवलं असं सांगितलं गेलं. लोक ठरवायला निघाले तेव्हा दार लावून घेण्यात आलं. कुठे दार आधीच लावलेलं होतं.

मिसिसिपीपासूनच सुरुवात करू, कारण खटला तिथलाच. राज्यानं २०१८ साली पंधरा आठवड्यांनंतरच्या गर्भपाताला मनाई केली, त्यावर जॅक्सन शहरातलं राज्यातलं एकमेव गर्भपात केंद्र कोर्टात गेलं, आणि २४ जून २०२२ ला ‘डॉब्ज’ निकालानं गर्भपाताचा हक्क मान्य करणारा १९७३ चा ‘रो विरुद्ध वेड’ निकाल मोडीत निघाला. निकालपत्र न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांचं. त्यात त्यांनी स्त्रियांना धीर दिलाय: स्त्रिया काही राजकीयदृष्ट्या दुबळ्या नाहीत, मिसिसिपीच्या लोकसंख्येत त्या सुमारे ५१.५ टक्के आहेत आणि नोव्हेंबर २०२० च्या मतदानात त्यांचा वाटा ५५.५ टक्के होता. म्हणजे बायांनो, तुमच्याकडे मतं आहेत, वापरा.

आता अलिटोंनी न लिहिलेला भाग. याच मिसिसिपीत २०११ साली लोकांना थेट विचारलं गेलं होतं, की गर्भधारणेच्या क्षणापासून गर्भाला कायद्यानं ‘व्यक्ती’ मानायचं का? बायबल पट्ट्यातलं, देशातल्या सगळ्यात सनातनी राज्यांपैकी एक. ५८ टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटलं. पुढे १४ मे २०२१ ला राज्याच्या सुप्रीम कोर्टानं लोकांनी सह्या गोळा करून प्रश्न मतपत्रिकेवर आणण्याची ही पद्धतच बाद केली. कारण ऐका. राज्यघटनेत लिहिलं होतं, की सह्या पाच लोकसभा मतदारसंघांतून समप्रमाणात हव्यात. २००० च्या जनगणनेनंतर मिसिसिपीत मतदारसंघ उरले चार. पाच मतदारसंघांतून सह्या आणणं अशक्य, म्हणून अर्ज करणंही अशक्य. आणि तिसऱ्याच दिवशी, १७ मे ला, वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टानं ‘डॉब्ज’ खटला सुनावणीला घेतला. हा योगायोगच, कटबिट नव्हे. तो निकाल वैद्यकीय गांजाच्या प्रकरणातला होता. पण वस्तुस्थिती उरतेच: ज्या राज्यातल्या बायकांच्या मतांचा दाखला देऊन निर्णय ‘लोकांकडे’ पाठवला गेला, त्या राज्यात लोकांना प्रश्न विचारण्याची सोयच तेव्हा उरली नव्हती. नंतर ती परत आणायच्या हालचाली विधिमंडळात झाल्या, तेव्हा खालच्या सभागृहाच्या मसुद्यात एक अट खास घातलेली होती. इतर विषयांवर सह्या गोळा करा, गर्भपातावर नाही.

यावर हमखास उत्तर येतं, की कोर्टानं ‘लोक आणि त्यांनी निवडून दिलेले प्रतिनिधी’ असं म्हटलंय. आमदार म्हणजे लोकच की. हे उत्तर मराठी माणसानं तरी देऊ नये. र. धों. कर्व्यांनी मुंबईत १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. त्यातल्या १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुढे नोव्हेंबर १९३८ मध्ये आंबेडकरांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यासाठीचं भाषण बाबासाहेबांनी तयार केलेलं होतं. वारंवारच्या बाळंतपणांनी बाईच्या देहाचे काय हाल होतात, याचा त्यात स्पष्ट उल्लेख होता. लोकप्रतिनिधींनी ठराव सपशेल पाडला. मताधिकार तेव्हा मर्यादित होता हे मान्य, पण सभागृह निवडून आलेलंच होतं. बाईच्या पोटाचा विषय निघाला की निवडून आलेली सभागृहं कशी वागतात, हे आपण अमेरिकेच्या कितीतरी आधी पाहिलेलं आहे.

‘डॉब्ज’नंतर लोकांना खरोखर विचारलं तेव्हा काय झालं? कॅन्सस हे ट्रम्पना २०२० मध्ये ५६ टक्के मतं देणारं राज्य. तिथे राज्यघटनेतलं गर्भपाताचं संरक्षण काढून घ्यायचं का, हा प्रश्न मुद्दाम २ ऑगस्ट २०२२ ला, पक्षांतर्गत निवडणुकीच्या दिवशी ठेवला. कुठल्याच पक्षाचे नसलेले मतदार त्या दिवशी एरवी फिरकत नाहीत. आदल्या दिवशी लोकांच्या फोनवर निनावी मेसेज आले, ‘हो’ म्हटलंत तरच निवडीचं स्वातंत्र्य टिकेल अशा अर्थाचे. खरा अर्थ नेमका उलटा होता. तरी नऊ लाखांहून जास्त लोक आले आणि ५९ टक्क्यांनी गर्भपाताचं संरक्षण काढून घ्यायला नकार दिला. त्या वर्षी मिशिगन, कॅलिफोर्निया, व्हरमाँट, केंटकी, मोंटाना सगळीकडे कौल एकाच बाजूचा. केंटकीत तर गंमतच: लोकांनी बंदीवाल्यांची घटनादुरुस्ती फेटाळली आणि बंदी मात्र जागच्या जागी राहिली, कारण ती विधिमंडळानं आधीच केलेली होती.

मिशिगनची हकीकत सांगायचा मोह आवरत नाही. गर्भपाताचा हक्क घटनेत घालण्यासाठी साडेसात लाखांच्या आसपास सह्या जमल्या. अर्जावरच्या मजकुरात काही ठिकाणी दोन शब्दांमधली जागा छपाईत दाबली गेली होती, शब्द एकमेकांना चिकटले होते. एवढ्यावरून ऑगस्ट २०२२ च्या शेवटी निवडणूक मंडळाच्या चार सदस्यांत दोन-दोन अशी फूट पडली आणि अर्ज अडला. मोकळ्या जागा नाहीत म्हणून साडेसात लाख माणसं रद्द! राज्याच्या सुप्रीम कोर्टानं आठवडाभरात हा पोरखेळ थांबवला आणि नोव्हेंबरात दुरुस्ती जवळजवळ ५७ टक्क्यांनी मंजूर झाली.

ओहायोचं प्रकरण जास्त बोलकं आहे. ऑगस्टमधल्या निवडणुकांना माणसं येत नाहीत, पैसे मात्र जातात, म्हणून बहुतेक सगळ्या ऑगस्ट निवडणुका बंद करायचा कायदा तिथल्या विधिमंडळानं डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर केला. शहाणपणाचा कायदा. पाच महिने झाले नाहीत तोच त्याच विधिमंडळानं ८ ऑगस्ट २०२३ ला खास निवडणूक लावली. प्रश्न असा, की यापुढे घटनादुरुस्तीला साध्या बहुमताऐवजी ६० टक्के मतं लागावीत का? १९१२ पासून साधं बहुमत चालत आलं होतं. नोव्हेंबरात गर्भपाताच्या हक्काची दुरुस्ती यायची होती आणि ती ५५ ते ६० च्या मध्ये कुठेतरी अडकेल असा हिशेब होता. राज्याचे निवडणूक अधिकारी फ्रँक लारोज यांनी एका पक्षमेळाव्यात बोलून टाकलं, की हे सगळं शंभर टक्के त्या दुरुस्तीला रोखण्यासाठीच आहे. शिवाशिवीत हात लागायच्या बेतात असताना ‘टाइमप्लीज’ ओरडणाऱ्या पोराची ही रीत. भर ऑगस्टात तीस लाखांवर लोक मतदानाला आले आणि ५७ टक्क्यांनी ‘नाही’ म्हणाले. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवरचा सारांश लिहिताना अर्जातला ‘गर्भ’ काढून ‘अजात बालक’ घातलं गेलं. तरी दुरुस्ती ५६.८ टक्क्यांनी मंजूर झाली.

फ्लोरिडात मात्र ‘टाइमप्लीज’ चाललं. १ मे २०२४ पासून तिथे सहा आठवड्यांची मर्यादा आहे. सहा आठवडे हा आकडा पुरुषांना ऐकायला बरा वाटतो, दीड महिना म्हणजे पुष्कळच की. बायकांना हिशेब सांगावा लागत नाही. गर्भाचं वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. पाळी चार आठवड्यांनी यायची, ती चुकली. ताण असेल, प्रवास झाला असेल, दगदग असेल, म्हणून आठवडाभर वाट पाहिली. मग चाचणी. मग डॉक्टरांची वेळ. फ्लोरिडात त्यावर आणखी चोवीस तासांची अंतराची सक्ती आहे, दोनदा जायचं. सहा आठवडे म्हणजे प्रत्यक्षात पाळी चुकल्यावरचे चौदा दिवस, तेही पाळी घड्याळासारखी असेल तर. याविरुद्धच्या दुरुस्तीला नोव्हेंबर २०२४ मध्ये ५७ टक्के मतं पडली. त्याच दिवशी, त्याच राज्यात ट्रम्पना पडली ५६. ट्रम्प जिंकले, दुरुस्ती हरली, कारण फ्लोरिडात घटनादुरुस्तीला ६० टक्के लागतात. ही ६० टक्क्यांची अट कधी आली? २००६ साली, सार्वमतानं. आणि तिला मतं किती पडली होती? ५७.८. स्वतःची अट तिला स्वतःला पार करता आली नव्हती.

त्या प्रचारात सरकार काय करत होतं तेही पाहा. मेंदूच्या कर्करोगावरच्या उपचारांसाठी गर्भपात करावा लागलेली एक आई जाहिरातीत आपली हकीकत सांगत होती. ती जाहिरात दाखवाल तर फौजदारी होईल, अशी पत्रं आरोग्य खात्यानं टीव्ही वाहिन्यांना पाठवली. केंद्रीय न्यायाधीश मार्क वॉकर यांनी बोलण्याच्या स्वातंत्र्याची आठवण करून देत खात्याला आवरलं. अर्जावर सह्या केलेल्या काही नागरिकांच्या दारात राज्याचे पोलीस जाऊन उभे राहिले, ही सही तुमचीच ना, असं विचारायला. सही खरी आहे का हे तपासायला हरकत नाही. पण दारात वर्दी उभी राहिल्यावर पुढच्या वेळी शेजारीण सही करेल का?

हक्कवाल्यांचा पैसा बाहेरून येतो, असा एक आक्षेप असतो. येतो. फ्लोरिडात त्या बाजूनं दहा कोटी डॉलरच्या वर जमवले आणि त्यातला बराच राज्याबाहेरचा होता. नाकारायचं कारण नाही. मात्र पैसा ओतल्यानं निकाल मिळतो असं असेल, तर ही बाजू फ्लोरिडात हरायला नको होती.

आणि जिथे ही बाजू सरळ हरली, तिथे हरली म्हणावं. २०२४ मध्ये दहा राज्यांत हा विषय मतदानाला होता. सात ठिकाणी हक्काच्या बाजूनं कौल आला, साउथ डकोटात सुमारे ५९ टक्क्यांनी विरुद्ध गेला. नेब्रास्कानं पहिल्या तिमाहीनंतरच्या बंदीला ५५ टक्के दिले. ‘डॉब्ज’पूर्वी अलाबामानं २०१८ मध्ये आणि लुइझियानानं २०२० मध्ये बंदीची वाट मोकळी करणाऱ्या दुरुस्त्या स्वतः मतदान करून स्वीकारल्या. मला हे निकाल आवडत नाहीत. पण तिथे कुणी ‘लोकांनी ठरवलं’ म्हणालं तर मी वाद घालणार नाही. एवढंच सांगेन, की साउथ डकोटानंच २००६ आणि २००८ साली बंदीचे कायदे मतदानानं फेटाळले होते.

आता त्या समजूतदार काकांकडे परत वळू, विशेषतः टेक्सासमधल्या. ह्यूस्टन, ऑस्टिन, डॅलसजवळचं फ्रिस्को-प्लेनो इथे मराठी घरं आता गल्लोगल्ली आहेत. गणपती धूमधडाक्यात बसतो. आणि टेक्सासमध्ये नागरिकांनी सह्या गोळा करून राज्याच्या कायद्यावर सार्वमत मागण्याची सोयच नाही. जॉर्जियात नाही, टेनेसीत नाही, अलाबामात नाही. देशातल्या जवळजवळ निम्म्या राज्यांत नाही. टेक्सासमध्ये लोकांनी कधी ठरवलं? त्यांना विचारलं कधी? त्यातून आपल्यातली कितीतरी मंडळी एच-वन-बीवर किंवा ग्रीन कार्डाच्या रांगेत. त्यांना मतच नाही. पण कायदा व्हिसा बघून लागू होत नाही.

विसाव्या आठवड्याच्या आसपास बाळाच्या अवयवांची तपासणी करणारी मोठी सोनोग्राफी होते, नाशिकला आणि डॅलसलाही. त्यात बाळाला जगणं शक्य नाही असं निघालं समजा. नाशिकची बाई वैद्यकीय मंडळापुढे जाऊ शकते. आपल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर मंडळानं गर्भात गंभीर व्यंग असल्याचं निदान केलं तर आठवड्यांची मर्यादा लागत नाही. डॅलसच्या बाईला ही सवलत नाही. गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आणि किमान एक लाख डॉलर दंड. डिसेंबर २०२३ मध्ये केट कॉक्स या डॅलस भागातल्या बाईंनी नेमक्या अशा अवस्थेत कोर्टाकडे परवानगी मागितली. राज्याच्या सुप्रीम कोर्टानं ती नाकारली आणि त्यांना परराज्यात जावं लागलं. त्यांच्याकडे वकील होते, सारा देश बघत होता. बाळंतपणासाठी मुंबईहून आईला बोलावून घेतलेल्या, नवऱ्याच्या व्हिसावर असलेल्या मुलीनं हे कोणाच्या भरवशावर करायचं?

इथे पुण्याचे गृहस्थ खूश होतात. बघा, आपण १९७१ लाच कायदा केला, ‘रो’च्याही दोन वर्षं आधी, आणि दगडही कुणी उचलला नाही! खरं आहे, त्या कायद्यामागची समितीही शांतिलाल शहांची, म्हणजे महाराष्ट्राच्या आरोग्यमंत्र्यांची. पण त्या कायद्यात निर्णय डॉक्टरच्या मतावर आहे, बाईच्या मागणीवर नाही. त्याच्या मागे लोकसंख्येची काळजी बाईच्या हक्काइतकीच, किंबहुना जास्त होती. २००८ साली मुंबईच्या निकेता मेहता यांना चोविसाव्या आठवड्यात बाळाच्या हृदयातला दोष कळला आणि हायकोर्टानं नकार दिला. वरची दुरुस्ती व्हायला त्यानंतर तेरा वर्षं गेली. बायकांना विचारलं आपणही नव्हतं, म्हणून ही फुशारकी इथे उपयोगाची नाही.

याच चर्चेत स्त्रीभ्रूणहत्येचा मुद्दा निघतो. मुलगी नको म्हणून गर्भ पाडणारा समाज आपला; मोकळीक दिली की काय होतं ते आपण बीड-सांगलीत पाहिलं, मग अमेरिकेतली बंदी वाईट कशी? उलट आपलाच कायदा इथे शहाणा ठरतो. महाराष्ट्रानं १९८८ मध्ये आणि देशानं १९९४ मध्ये बंदी घातली ती लिंगनिदानावर. आणि केंद्राचा कायदा असं गृहीत धरतो, की बाईवर नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी जबरदस्ती केली असणार. पकडायचं डॉक्टरला आणि घरच्यांना. इंडियाना राज्यात मात्र पूर्वी पटेल या भारतीय वंशाच्या बाईला २०१५ साली भ्रूणहत्या आणि बाळाकडे दुर्लक्ष या आरोपांखाली वीस वर्षांची शिक्षा ठोठावली गेली. लिंगनिदानाचा तिथे संबंधही नव्हता. पुढच्या वर्षी वरच्या कोर्टानं भ्रूणहत्येचा आरोप रद्द केला आणि ती सुटली, तोवर दीड वर्षाच्या आसपास तुरुंगात गेलं होतं.

माझ्या बाजूच्या मंडळींनाही एक सांगायचं आहे. हक्क मतदानाला टाकायचेच नसतात, असं ते म्हणतात. तत्त्व म्हणून मला पटतं. गंमत म्हणजे दुसऱ्या बाजूचे खरे श्रद्धावानही तेच म्हणतात: गर्भ जीव आहे, जिवाचा लिलाव बहुमतानं होत नाही. त्यांच्याशी माझं भांडण आहे, पण त्यात लबाडी नाही. त्यांनी मात्र ‘लोकांना ठरवू द्या’ हे वाक्य वापरू नये. आणि आपल्या लोकांनीही मतदानाला नाकं मुरडू नयेत. सात न्यायाधीशांच्या मतांवर उभा असलेला हक्क एकोणपन्नास वर्षांनी पाच न्यायाधीशांनी काढून घेतला. रुथ बेडर गिन्सबर्ग यांच्यासारख्या पक्क्या स्त्रीवादी न्यायमूर्तींनाही ‘रो’ची घाई खटकत होती. मिशिगनच्या मतपेट्यांनी जे दिलं ते काढून घ्यायला पुन्हा मिशिगनच्याच लोकांसमोर जावं लागेल.

लोकांना खरंच विचारायचं असेल तर कसं विचारतात, हे आयर्लंडनं दाखवलं. बेळगावची सविता हलप्पनवार, दंतवैद्य, वय ३१, सतराव्या आठवड्यात गर्भ टिकणार नाही हे स्पष्ट झालेलं असूनही गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून गॉलवेच्या इस्पितळात तिला थांबवून ठेवलं गेलं आणि २८ ऑक्टोबर २०१२ ला जंतुसंसर्गानं ती गेली. सहा वर्षांत त्या देशानं ९९ साध्या नागरिकांची सभा बसवून विषय महिनोन्‌महिने चर्चिला, नव्या कायद्याचा आराखडा मतदानाआधीच लोकांच्या हाती दिला आणि २५ मे २०१८ ला सगळ्या देशाला एकच प्रश्न विचारला. ६६.४ टक्के ‘हो’ म्हणाले. साध्या बहुमताची अट होती. मध्येच कुणी साठ टक्के मागितले नाहीत. हरलेल्या बाजूनं निकाल मानला. अमेरिकेत देशव्यापी सार्वमत आजवर झालेलं नाही, तशी तरतूदच नाही.

त्याउलट मिझुरी. ‘डॉब्ज’च्याच दिवशी बंदी लागू करणारं पहिलं राज्य. तिथे दुरुस्तीचा अर्ज आला तेव्हा राज्याच्या हिशेबनिसांनी खर्चाचा अंदाज दिला, वर्षाला सुमारे ५१ हजार डॉलर. हे हिशेबनीस स्वतः रिपब्लिकन आणि गर्भपाताचे विरोधक. ॲटर्नी जनरल अँड्र्यू बेली सही करेनात. म्हणे खर्च अब्जावधींत जाईल, जन्माला न येणाऱ्यांचा कर बुडणार ना! जुलै २०२३ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टानं एकमतानं सांगितलं, सही करा. या खेळात सह्या गोळा करायचे महिने वाया गेले. तरी सह्या जमल्या, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्रम्पना ५८ टक्क्यांवर मतं देणाऱ्या याच मतदारांनी ही दुरुस्ती ५१.६ टक्क्यांनी मंजूर केली. सहा महिन्यांत, मे २०२५ मध्ये, विधिमंडळानं ती रद्द करणारी दुसरी दुरुस्ती नोव्हेंबर २०२६ च्या मतपत्रिकेसाठी पाठवली, सोबत अल्पवयीनांच्या लिंगबदल उपचारांवरची बंदी बांधून दिली. मतपत्रिकेसाठी विधिमंडळानं स्वतः लिहिलेल्या सारांशात, ‘हो’ म्हटलंत तर तुम्ही २०२४ ला मंजूर केलेली दुरुस्ती रद्द होईल, हे वाक्यच नव्हतं. ते घाला, असं न्यायाधीशाला सांगावं लागलं.